गेट आधी, कप मग

गेल्या अंकात पहाटेच्या विमानांविषयी लिहिताना मी शेवटी सहज म्हटलं होतं, की विमानतळावरच्या कॉफीबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा. एखाद-दुसरं पत्र येईल अशी अपेक्षा होती. पण हरवलेल्या बॅगा, अडकलेले रिफंड हे सगळं बाजूला ठेवून तुम्ही कॉफीवरच तुटून पडलात! नव्या वाचकांसाठी सांगते: मी गोव्याच्या दाबोळी विमानतळावर आधी चेक-इन काउंटरवर आणि मग गेटवर नोकरी केली, आता वास्कोत घरी असते. कॉफी बिनसाखरेची पिते आणि उभ्याने पिते, ही त्या नोकरीची सवय.

प्रश्न: ताई, नमस्कार. मुलगी बंगळुरूला असल्यामुळे अधूनमधून मोपा विमानतळावरून पहाटेचं सहाचं विमान धरतो. फोंड्याहून अडीच-तीनला निघावं लागतं. त्या वेळी चहासाठी बायकोला उठवणं बरं दिसत नाही, म्हणून उपाशीपोटी निघतो आणि विमानतळावर कॉफी घेतो. पण तिथे कधी रांग, कधी कप हातात पडतो तोच बोर्डिंग सुरू. मागच्या खेपेला जीभ भाजून घेतली आणि अर्धी कॉफी टाकून पळालो. कॉफी नेमकी कुठे घ्यावी? बाहेर, चेक-इननंतर, की गेटपाशी? आणि कुठली घ्यावी म्हणजे पटकन होईल?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: दादा, चहा करायला वहिनींनाच उठवावं लागतं हे कुठल्या नियमात बसतं? गॅस तुम्हालाही पेटवता येतो. असो, तो तुमच्या घरचा मामला.

तिकिटावर सहा छापलंय म्हणून तुम्ही सहाच्या हिशेबाने चालता, तिथेच गणित चुकतं. सहाला विमान जागेवरून हलतं. गेट त्याच्या पंचवीस मिनिटं आधी, ५.३५ ला बंद होतं. देशांतर्गत विमानाचं चेक-इन काउंटर तासभर आधी, म्हणजे ५ वाजता बंद. आणि बोर्डिंग साधारण सव्वापाचच्या सुमाराला सुरू होतं. म्हणजे तुमची कॉफी बसवायची ती सुरक्षा तपासणी आटोपल्यापासून बोर्डिंगची रांग निम्मी सरेपर्यंतच्या वेळात. सव्वाचारला टर्मिनलच्या दारात उतरलात तर दारावरची ओळखपत्राची तपासणी, बॅग देणं आणि सुरक्षेची रांग धरून पाच-दहा कमी पाचला आत असता. अर्धा तास हातात राहतो. दारातच पावणेपाचला पोचलात तर त्या दिवशी कॉफी नाही असं धरून चाला, म्हणजे जीभही भाजणार नाही.

बाहेर कॉफी घ्यायची नाही. चेक-इननंतर, तपासणीच्या अलीकडेही नाही. कारण पुढची रांग केवढी आहे ते तिथून दिसत नाही. एकाच वेळेला तीन विमानांचे लोक ट्रे लावून उभे असले, की तुमची निवांत कॉफी महागात पडते. कोणी सोडायला आलं असेल आणि त्यांच्याबरोबर दोन घोट घ्यायचे असतील तर गोष्ट वेगळी. पण मग ते त्या माणसांसाठी.

तपासणी झाली की आधी गेट बघा. स्क्रीनवर आकडा वाचणं वेगळं, पायी जाऊन बघून येणं वेगळं. गेटवर गेल्यावर तीन गोष्टी कळतात: गेट बदललंय का, बसने न्यायचं आहे की थेट पुलावरून चढायचं आहे, आणि विमान मुळात आलंय का. विमान जागेवर आलेलंच नसेल तर घाई करू नका, खुशाल बसून प्या. बसचं गेट असेल तर मात्र जरा लवकर परत या. शेवटची बस सुटल्यावर तुमच्या एकट्यासाठी दुसरी येत नाही. गेट पाहून माघारी फिरलात की जो काउंटर त्याच्या सगळ्यांत जवळ असेल तिथे जा, मोठ्या नावाच्या दुकानासाठी टर्मिनलच्या दुसऱ्या टोकाला जाऊ नका. मोपाच्या फूड कोर्टाला गोव्यातल्या जुन्या कॅफेचं रूप दिलंय, इमारतीत अझुलेजो, म्हणजे नक्षीदार पोर्तुगीज फरशाही आहेत. छान आहे, पण ते सगळं येताना बघा.

आता काउंटरवर. लोक गल्ल्यापुढची माणसं मोजतात. ती मोजून काही कळत नाही. गल्ल्यापलीकडे मशीनजवळ बघा. पैसे घेतलेली बिलं मशीनच्या कडेला ओळीने लावलेली असतात, नाहीतर नावं लिहिलेले रिकामे कागदी कप मशीनच्या डोक्यावर रांगेत मांडलेले असतात. खरी रांग ती. पहाटे बहुधा एक मुलगा बिलं करतो आणि एकच मुलगी मशीन चालवते. ती दांडा बसवते, बटण दाबते, काळी धार पंचवीस-तीस सेकंदांत कपात उतरते. तिथवर काम झपाट्याने होतं. मग ती स्टीलच्या भांड्यात दूध घेते, वाफेची नळी त्यात बुडवते, फेस येईपर्यंत भांडं तिरपं धरून उभी राहते, ओतते, नळी ओल्या फडक्याने पुसते, एकदा फुस्स करून वाफ सोडते, आणि मगच पुढच्या बिलाकडे बघते. हे दर दुधाळ कपामागे. त्यातून पुढे गोव्याची सहल आटोपून परतणारा सहा जणांचा घोळका असेल आणि प्रत्येकाला वेगळी कोल्ड कॉफी हवी असेल, तर बर्फ, मिक्सर, वरून क्रीम, चॉकलेटच्या रेघा... तिथे थांबू नका. सरळ वळा आणि दुसरा काउंटर गाठा.

आणि रांगेतून सुटलात म्हणजे संपलं असं नाही. उभं राहण्याची वेळ, करण्याची वेळ, आणि निवण्याची वेळ अशा तीन वेळा धराव्या लागतात. तिसरी कोणी धरत नाही, आणि जीभ नेमकी तिथेच भाजते. काळी कॉफी, म्हणजे अमेरिकानो, लवकर मिळते खरी, पण ती जवळजवळ उकळत्या पाण्यावर केलेली असते. दहा मिनिटं तोंडाला लावता येत नाही. कॅपुचिनोला करायला वेळ लागतो, पण दूध साठ-पासष्ट अंशांच्या आसपासच तापवतात, त्यामुळे ती हातात येते तेव्हा पिण्याजोगी असते. ह्यावर माझी युक्ती सोपी: काळी कॉफी मागायची आणि "वर थोडं गार पाणी घाला" म्हणायचं. एकदा मुलीने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी कॉफीचा अपमान केला असावा! पण तीन मिनिटांत कप रिकामा होतो. एस्प्रेसो चालत असेल तर त्याहून उत्तम, दोन घोटांचं काम. मिळत असेल तर फिल्टर कॉफी सगळ्यांत बरी, कारण डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, आधीच तयार असतं, गरम दूध ओतलं की झाली, आणि वाटी-पेल्यात दिली तर वरखाली करून निववता येते. तुमचा जावई बंगळुरूचा असेल तर तो हे माझ्यापेक्षा चांगलं समजावेल.

बसून पिणार असलात तरी कागदी कपात, झाकण लावून मागा. चिनी मातीच्या कपातली कॉफी अर्ध्यावर उचलून नेता येत नाही. पैसेही आधी तयार ठेवा. पहाटे नेट रेंगाळतं आणि यूपीआयचं चक्र फिरत राहतं, मागची माणसं उसासे टाकतात. एक पाचशेची नोट खिशात असावी.

आता माझ्या बाजूचं सांगते. गेटवर उभं राहून मी जे बघत असे ते असं: कप हातात, पास दातांत, खांद्यावरून घसरणारी लॅपटॉपची बॅग, आणि ओळखपत्र मागच्या खिशात. तो माणूस "एक मिनिट, एक मिनिट" म्हणत कप माझ्याच मेजावर ठेवायला जागा शोधायचा. आम्ही हसून घ्यायचो. पण गेट बंद झाल्यावर आलेल्यासाठी ते उघडत नव्हतो, आणि तो खडूसपणा नव्हता. न आलेल्या माणसाची बॅग पोटात घेऊन विमान निघू शकत नाही. ती शोधून उतरवावी लागते. तसा निर्णय होऊन माणसं बॅग काढायच्या कामाला लागली, की तुम्ही धापा टाकत पोचलात तरी काटा उलटा फिरत नाही. उद्घोषणेच्या भरवशावरही राहू नका. अनेक विमानतळांवर आता नावानिशी पुकारे करत नाहीत.

झाकणाचा कप घेऊन विमानात शिरू देतात का? बरेचदा देतात, पण ते त्या वेळच्या क्रूवर आहे. उड्डाणाच्या वेळी समोरचा ट्रे बंद ठेवावा लागतो, कप ठेवणार कुठे? गेटच्या कचरापेटीपर्यंत संपवलेली बरी.

राहता राहिलं एक. कॉफीचा अंमल साधारण अर्ध्या-पाऊण तासाने चढतो आणि मग पाच-सहा तासांनी कुठे निम्मा होतो. पाचला प्यालात तर पट्टा बांधता बांधता डोळे टक्क उघडे. रात्रभर जागून आला असाल आणि विमानात डुलकी काढायची असेल, तर कॉफी बंगळुरूला उतरल्यावरच घ्या. मुलीच्या हातची.

प्रश्न: गोव्यात पंधरा-वीस रुपयांत जो चहा मिळतो, त्याच्यासारखीच कॉफी विमानतळावर दोन-अडीचशेला. ही उघड लूट नाही का? शिवाय बाटलीबंद पाण्यालाही मनाला येईल ते घेतात. सरकार झोपलंय का?
— निवृत्त शिक्षक, म्हापसा

उत्तर: सर, पाण्याचं आधी, कारण तिथे कायदा तुमच्या बाजूचा आहे. १ जानेवारी २०१८ पासून एकाच पाकीटबंद वस्तूवर दोन वेगळ्या एमआरपी छापायला बंदी आहे. बाजारात एक आणि विमानतळावर दुसरी, असं चालत नाही. बाटलीवर छापलंय त्याहून जास्त मागितलं तर बिल मागा आणि १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. एकच अडचण: दुकानदार बहुतेकदा वीस रुपयांची बाटली मांडतच नाही, साठ-सत्तर रुपये छापलेलं कुठलंसं डोंगरातलं पाणी ठेवतो. ते कायद्यात बसतं. म्हणून रिकामी बाटली आणा, आत नळ असतो, भरून घ्या.

कॉफीला मात्र एमआरपी नाही. ती समोर करून देतात, म्हणजे पाकीटबंद वस्तू नव्हे, खानावळीची सेवा. भाव त्यांचा. तो इतका का, ह्यावर मी थोडं सांगू शकते. दुकानदार विमानतळ चालवणाऱ्याला भाडं देतो आणि त्यावर विक्रीतला वाटाही देतो. विमानतळ चालवणारा आणखी कोणाला तरी देतो. मोपाचंच घ्या. २०१६ साली जीएमआर कंपनीने तो विमानतळ मिळवला तो उत्पन्नातला ३६.९९ टक्के वाटा राज्य सरकारला देण्याच्या बोलीवर. तुमच्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बाईला असा वाटा वरपर्यंत मोजावा लागला असता, तर तांबडी भाजी किती रुपये जुडी झाली असती? त्यात दुधाच्या क्रेटपासून साखरेच्या पुडीपर्यंत सगळं तपासणीतून आत येतं, कामाला ठेवलेल्या प्रत्येक पोराची पोलीस पडताळणी होऊन पास निघावा लागतो. पास निघेपर्यंत तो पोरगा दुसरीकडे लागलेला असतो.

हे सगळं मान्य करूनही अडीचशे मला जास्तच वाटतात. वाटतात कारण स्वस्तात करून दाखवलंय. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' सुरू झाला: चहा १० रुपये, कॉफी २०, समोसा २०, पाण्याची बाटली १०. नंतर चेन्नईलाही तो निघाला. म्हणजे ठरवलं तर जागा काढता येते. तुम्ही निवृत्त आहात, हात लिहिता आहे. खासदारांना पत्र घाला, मीही सही करते.

आणि बिलात 'सेवाशुल्क' म्हणून ओळ दिसली तर ती देणं-न देणं तुमच्या मर्जीवर आहे. काढायला सांगा, काढतात. जीएसटी मात्र भरावाच लागतो.

प्रश्न: ताई, तुम्ही दाबोळीच्या, म्हणून विचारते. आम्ही मडगावची माणसं. यजमान म्हणतात मोपाला खाण्यापिण्याची सोय जास्त, तिथून तिकीट काढूया. मी म्हणते दाबोळी जवळ. कोणाचं ऐकावं?
— एक गृहिणी, मडगाव

उत्तर: वहिनी, तुमचं. कॉफीच्या कपासाठी दीड तास गाडी हाकायची, त्यात मांडवीचा पूल ओलांडायचा, धारगळला वळायचं, आणि टॅक्सीला जे मोजाल त्यात महिनाभराची कॉफी येईल. मडगावहून दाबोळी हाकेच्या अंतरावर. घरी पोटभर पिऊन निघा, किंवा वास्कोत थांबा, पाव-पातळ भाजीबरोबर कपभर घ्या आणि मग टर्मिनल गाठा. दाबोळीची धावपट्टी नौदलाच्या आयएनएस हंसा तळावर आहे. नौदलाच्या सरावाच्या वेळा सांभाळून विमानं लावावी लागतात, त्यामुळे कधी टर्मिनल ओस तर कधी एकदम जत्रा. जत्रेच्या वेळी आतल्या काउंटरवर कॉफीचा नाद करू नये.

तिकीट मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. विमानतळाचा कोड जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. जानेवारी २०२३ मध्ये मोपाहून विमानं उडायला लागल्यापासून ह्या एका अक्षराने कितीतरी जणांना रडवलंय. बुकिंग करताना दोन्ही ठिकाणं नुसती 'गोवा' म्हणून एकाखाली एक येतात, आणि स्वस्त दिसेल त्यावर बोट पडतं. दोहोंमध्ये साठेक किलोमीटर रस्ता आहे. चुकीच्या दारात पोचल्यावर विमान मिळत नाही. कॉफी तेवढी मिळते, निवांत.

प्रश्न: नातवाकडे पुण्याला चालले आहे, पहिल्यांदाच एकटी विमानाने. मला बाहेरची कॉफी सोसत नाही. घरची जायफळ घातलेली थर्मासमधून नेली तर चालेल ना? लेक म्हणते काढून घेतील.
— एक आजी, डिचोली

उत्तर: आजी, काढून घेतीलच असं नाही, पण भरवसा देता येत नाही. देशातल्या विमानाला पाण्याची बाटली सहसा सोडतात, फार तर एक घोट पिऊन दाखवायला सांगतात. वाफाळता, काळा, आत काय आहे ते न दिसणारा थर्मास म्हटला की तपासणारा जवान झाकण उघडायला लावतो, आणि मग त्याचं मन. रांग मोठी असेल तर तो "फेका" म्हणून मोकळा होईल. म्हणून असं करा: थर्मास रिकामा न्या. सोबत डबीत कॉफी, साखर आणि किसलेलं जायफळ एकत्र करून ठेवा. आत गेल्यावर काउंटरवर "नुसतं गरम दूध द्या" म्हणा. पैसे घेतील, पण देतात. थर्मासमध्ये घाला, डबीतली पूड टाका, झाकण लावून हलवा. चव घरचीच. परदेशाच्या विमानाला मात्र हे सोडाच, तिथे कुठलाही द्रव १०० मिलिलीटरपेक्षा मोठ्या बाटलीतून जात नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही नातवाला सुकं खोबरं नेण्याचं लिहिलंय, ते चेक-इन बॅगेत घालू नका. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या मालात धरतात आणि बॅग बाजूला काढून तुम्हाला बोलावून आणतात. नातवाला पुण्यात खोबरं मिळतं. एकट्या जाताय तर तिकीट काढताना व्हीलचेअर मागायला संकोच करू नका. चालता येत असलं तरी आत लांबच लांब अंतरं आहेत, आणि तो मुलगा तुम्हाला थेट गेटवर नेऊन बसवतो. दूध आणायलाही त्यालाच सांगा, आणून देतात बिचारे.

प्रश्न: परीक्षेला विमानाने जायचंय, म्हणून विचारतो. विमानातली कॉफी इतकी पुचाट का लागते? तीच पुडी घरी केली तर बरी लागते.
— एक विद्यार्थी, पणजी

उत्तर: कारण तू ती डोंगरावर बसून पितोयस. केबिनमधली हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असते तेवढ्याच दाबाची ठेवतात. तेवढ्या उंचीवर पाणी शंभराऐवजी ब्याण्णव-चौऱ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं, मग पुडी नीट उतरत नाही. वरून हवा कोरडी, नाक सुकतं, वास कमी येतो, आणि इंजिनाच्या घरघरीत गोडही कमी जाणवतं. तासाभराच्या विमानात तीदेखील पैसे मोजून घ्यायची? परीक्षेला चालला आहेस, पाणी पी.

प्रश्न: वय बहात्तर. कॉफी घेतली की अर्ध्या तासात उठावं लागतं. विमानात नेमका पट्टा लावलेला असतो. रक्तदाबाची गोळीही सकाळीच घेतो. कॉफी बंदच करू का?
— एक वाचक, चिखली

उत्तर: गोळीचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, मी काउंटरवरची बाई. काही गोळ्या स्वतःच लघवी वाढवतात, त्यावर कॉफी म्हणजे दुहेरी काम. ती गोळी प्रवासाच्या दिवशी कधी घ्यावी हे तेच सांगतील.

बाकीचं वेळेवर आहे. तुम्ही म्हणता अर्धा तास, तर कॉफी बोर्डिंगच्या आधी चांगला पाऊण तास घ्या आणि गेटकडे निघण्यापूर्वी एकदा जाऊन या. गेटजवळच्या स्वच्छतागृहाला बोर्डिंगच्या वेळी रांग लागते, तपासणी संपल्या संपल्या लागणारं बहुधा मोकळं असतं. आसन वाटेकडचं मागा, मागच्या बाजूचं असलं तर आणखी बरं. विमान धावपट्टीकडे निघाल्यापासून वर जाऊन पट्ट्याचा दिवा विझेपर्यंत वीसेक मिनिटं तरी उठता येत नाही, आणि पावसाळ्यात ढगांमुळे तो दिवा लवकर विझत नाही. बंद करायची गरज नाही हो, अर्धा कप घ्या. अर्धा कप घ्या म्हटलं की अर्धे पैसे घेत नाहीत, एवढंच दुःख.

प्रश्न: ताई, तुम्ही पॅसिंजरांचंच लिहिता. आम्ही टॅक्सीवाले पहाटे तीनपासून मोपाला उभे. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. आम्ही कुठे प्यायची?
— टॅक्सीचालक, पेडणे

उत्तर: भाऊ, ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. टर्मिनलच्या बाहेर जे मिळतं त्याचे भाव आतल्यासारखेच, ते तुम्हाला रोज परवडणार नाहीत. मोठा रस्ता झाल्यापासून धारगळहून गाडी थेट वरून विमानतळावर जाते, खालच्या गावातली हॉटेलं वाटेत लागतच नाहीत. पण पहाटे चारला पेडणे, धारगळ, कोलवाळ ह्या पट्ट्यात कुठे शेगडी पेटलेली असते, कुठे उंडे पाव गरम मिळतात आणि गाडी लावायला जागा कुठे आहे, हे तुम्हा लोकांइतकं कोणाला ठाऊक? ठिकाणं आणि उघडण्याच्या वेळा लिहून पाठवा. पुढच्या अंकात छापते. फोंड्याच्या दादांसारख्यांना तिथे दहा मिनिटं थांबवलंत तर तुमचाही चहा त्यांच्याच खिशातून होईल.